लग्न-यात्रांमध्ये मोबाईल चार्जिंग भाड्याने द्यायचं आहे, ५० हजारांत काय घ्यावं?

पारोळेकर

राम राम मंडळी.

पारोळा, एरंडोल, अमळनेर या पट्ट्यात लग्नं, हळदी, कॉलेजची स्नेहसंमेलनं आणि यात्रा अशा ठिकाणी मोबाईल चार्जिंगची सोय भाड्याने द्यायचा जोडधंदा सुरू करायचा आहे. नोकरी सांभाळून, म्हणजे शनिवार-रविवार आणि दाट तिथीचे दिवस. भांडवल ५० हजार. कर्ज काढायचं नाही.

सध्याचा बेत असा: १०,००० एमएएचच्या ३० पॉवर बँका, ६० केबली आणि त्या रात्री भरायला दहा-दहा पोर्टचे चार चार्जर. पाहुण्याने ५०० रुपये डिपॉझिट द्यायचं, पॉवर बँक खिशात घालून फिरायचं, निघताना परत करायची. भाडं ३० रुपये.

अडलंय ते इथे. पैसे पाहुण्याकडून घ्यावेत की यजमानाकडून? एका पॉवर बँकेत ५,००० एमएएचचे दोन फोन पूर्ण भरतील असं धरलंय, ते बरोबर आहे का? लॉनवर बहुतेक वेळा जनरेटर असतो, त्यावर चार्जर लावले तर फोनला धोका आहे का? आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हा माल टिकतो का? जमेल तितकं आकड्यांत सांगा.

बिछायतवाले नाना, चाळीसगाव

भाऊ, आधी पैशाचं बोलू. लग्नात पाहुण्याकडून एक रुपयाही मागू नका. पाहुणा ३० रुपये देईल, पण नाव यजमानाचं खराब होतं, "चार्जिंगलाही पैसे लावले" म्हणून. ही गोष्ट भाऊबंदकीत फिरली की त्या गावातलं पुढचं लग्न तुम्हाला मिळत नाही. भाडं यजमानाकडूनच, ठोक, मांडव-खुर्च्यांसारखं. आणि यजमानाकडे थेट जाऊ नका. त्याला लग्नाआधीच्या पंधरा दिवसांत शंभर कामं असतात. मंगल कार्यालयाचा मॅनेजर किंवा मंडप डेकोरेटर आपल्या कोटेशनमध्ये तुमची एक ओळ टाकेल. त्याला १० टक्के द्या.

आता तुमच्याच बेताचा हिशेब मांडतो. पॉवर बँक हजाराला एक धरली तर ३० हजार, केबली दीडशेने ९ हजार, चार्जर ८ हजार, पेट्या-बिल्ले अडीच हजार. झाले साडेएकोणपन्नास. कमाई किती? सगळ्या ३० गेल्या तरी ३० रुपयांनी ९०० रुपये. त्यातून पोऱ्याची ५०० मजुरी आणि ३०० पेट्रोल काढा. हातात शंभर उरले. एक पॉवर बँक हरवली की डिपॉझिट धरूनही पाच कार्यक्रमांची कमाई गेली.

डिपॉझिटमध्ये तर उघड भोक आहे. हजाराची वस्तू ५०० वर देताय. ज्याला ती आवडली तो परत द्यायला येणारच नाही, त्याला ती निम्म्या किमतीत मिळाली. डिपॉझिट हजार केलं तर लग्नात कोणी घेणार नाही. शिवाय परतीची वेळ सगळ्यांची एकच असते. पंगत उठली, गाडी लागली, म्हातारी माणसं गाडीत बसली, आणि तुमच्या टेबलापुढे तीस जण ५०० रुपये परत मागत उभे. यूपीआयने परत करायचे तर त्या गर्दीत नेटवर्क नसतं.

म्हणून लग्नासाठी उलटं करा. चार्जर हलवायचा नाही, फोन टेबलावर ठेवून घ्यायचा. २० पॉइंटचं टेबल. त्याचा खर्च असा: १८-२० वॅटचे सुटे अ‍ॅडॅप्टर वीस, चारशेने ८ हजार. केबली तीस, साडेचार हजार. बोर्ड, वायर, सुरक्षा साधनं साडेचार हजार. ट्रे, बिल्ले, छोटा फ्लेक्स दोन हजार. १९ हजारांत उभं राहतं. पाच तासांचे २,००० भाडं घ्या. मजुरी, पेट्रोल, कमिशन जाऊन हजार उरतात, म्हणजे एकोणीस कार्यक्रमांत भांडवल मोकळं. आणि हरवायला काही नाही, फार तर केबल.

जबाबदारी मात्र वाढते, कारण आता परका माल तुमच्या ताब्यात आहे. मंदिराबाहेरच्या चप्पल स्टँडवर पितळी बिल्ले असतात तीच पद्धत वापरा: एकाच नंबरचे दोन बिल्ले, एक रबरबँडने फोनला, एक माणसाच्या हातात. फोन घेताना बिल्ल्यासकट त्याच्या पुढच्या-मागच्या बाजूचा फोटो तुमच्या मोबाईलवर काढा. काच आधीच फुटलेली होती की नाही, हा वाद तिथल्या तिथे मिटतो. परत देताना बिल्ला बघायचाच, पण त्यावर भागवू नका. काळ्या कव्हरातले एकाच कंपनीचे पाच फोन टेबलावर असतात, आणि बिल्ला पोराच्या हातून पडलेलाही असू शकतो. फोन माणसाच्या हातात न देता पुढे धरा, त्याचं बोट किंवा चेहरा लावून लॉक उघडलं की मगच सोडा. लॉक उघडत नसेल तर बिल्ला असूनही थांबवा. फोन बंद पडलेला असेल तर चालू होईपर्यंत थांबायला सांगा. पिन तोंडी विचारायची नाही, कुणी आपणहून सांगायला लागला तरी ऐकायची नाही.

टेबलावर एक माणूस सतत हवा. जेवायला उठायचं तर दुसरा बसवून. यात सूट नाही.

वायरमनदादा, धुळे

नानांनी सुटे अ‍ॅडॅप्टर सांगितले ते योग्य आहे, त्याचं कारण देतो. बाजारात जो दहा पोर्टचा चार्जर मिळतो त्यावर मोठ्या अक्षरात पोर्ट लिहिलेले असतात आणि बारीक अक्षरात एकूण वॅट. ६० वॅट एकूण असेल तर दहाही पोर्ट भरल्यावर प्रत्येकाला ६ वॅट मिळतात. त्या गतीने आजचा फोन भरायला तीन-चार तास लागतात आणि लोक म्हणतात, "यांचं चार्जिंग होतच नाही." पोर्टमागे किमान १५ वॅट हवेत. सुट्या अ‍ॅडॅप्टरमध्ये एक जळला तर एकच पॉइंट बंद पडतो आणि दुसरा तालुक्याच्या गावात लगेच मिळतो. घेताना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणीचा आर नंबर बघा आणि तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घालून तपासा. नंबर खरा असला तरी तो त्याच कंपनीच्या नावावर आहे का तेही पाहा.

आता जनरेटर. लोक जनरेटरला घाबरतात, पण चालू जनरेटरच्या बारीक चढउताराने अ‍ॅडॅप्टरला काही होत नाही. तो १०० ते २४० व्होल्टवर चालायलाच बनवलेला असतो. खरा घात न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, सुटल्याने होतो. मांडवात थ्री-फेज येते, एका फेजवर डीजे, दुसऱ्यावर लायटिंग, तिसऱ्यावर कूलर. न्यूट्रल पिळून जोडलेला असतो, त्यावर पाय पडतो, गाडी जाते, तो सैल होतो. न्यूट्रल सुटला की तुमचं टेबल आणि दुसऱ्या फेजवरचा डीजे ४०० व्होल्टवर एकापाठोपाठ एक जोडल्यासारखे होतात. अशा जोडणीत ज्याचा लोड हलका त्याच्यावर व्होल्टेज जास्त येतं. तुमचा लोड सगळ्यात हलका. म्हणून डीजेला काही होत नाही आणि वीस अ‍ॅडॅप्टर एका क्षणात उडतात. चांगला अ‍ॅडॅप्टर स्वतः मरतो आणि फोन वाचवतो. स्वस्तातला फोनला घेऊन जातो.

त्यावर इलाज एकच, टेबलाच्या बोर्डावर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेज फार वर-खाली गेलं की लाईन तोडणारं साधन. वरची मर्यादा २६५, खालची १८०, परत चालू होण्याचा वेळ एक मिनिट ठेवा. त्याच्या पुढे ६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की पडतो) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडतो). तिन्ही एका लहान डीबी बॉक्समध्ये बसतात. आरसीसीबीचं टेस्ट बटण प्रत्येक कार्यक्रमाआधी दाबून बघायचं. एक गोष्ट ध्यानात असू द्या: छोट्या पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल बहुधा अर्थला जोडलेला नसतो, तिथे गळतीला आरसीसीबी पडेलच असं नाही. म्हणून टेबल लाकडी किंवा प्लास्टिकचं, लोखंडी नको.

लाईन कूलरच्या फेजवर घ्या, डीजेच्या नको. जोडण्याआधी मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल मोजा. २१० ते २४५ मध्ये असेल तर पुढे जा. वायर तीन कोअर, तांब्याची, दीड एमएम पुरते. वीस पॉइंटचा लोड जास्तीत जास्त ४०० वॅट, म्हणजे दोन अँपिअरच्या आत. पण मांडवात मिळणारी पातळ दोरीसारखी वायर आणि तिला टेप लावलेला जोड घेऊ नका. ५० मीटरचं अखंड बंडल स्वतःचं ठेवा आणि ते पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेलं ठेवलं की आतून तापतं.

कधीकधी पाहुणे सांगतात की चार्जिंगला लावलेल्या फोनच्या कडेला हात लावला की झिणझिण्या येतात. दोन पिनच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये गाळणीसाठी एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी बारीक करंट येतो. मापाच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये त्याने इजा होत नाही, पण माणूस घाबरतो. समजावून सांगा. जोराचा झटका बसला असं कुणी म्हणालं तर मात्र तो अ‍ॅडॅप्टर त्याच वेळी काढून टाका.

इन्व्हर्टर घ्यायचा विचार असेल तर सुरुवातीला घेऊ नका. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास. त्यातले ८० टक्के वापरले आणि इन्व्हर्टरची घट धरली तर साधारण १,२०० हातात येतात. त्यात पन्नासएक फोन पूर्ण भरतील. पण ती बॅटरी पन्नास-साठ किलोची, ॲसिड भरलेली, मोटारसायकलवर नेण्याजोगी नाही. लॉनवर लाईट गेली की जनरेटर दोन मिनिटांत चालू होतो, तेवढ्याने चार्जिंगचं काही बिघडत नाही.

बॅटरीताई, भुसावळ

दादा, तुमचे पॉवर बँकेचे दोन प्रश्न राहिले, ते घेते.

दोन फोन भरत नाहीत. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा आहे, म्हणजे ३७ वॅट-तास. बाहेर ५ व्होल्ट करताना १०-१५ टक्के उष्णतेत जातात, हातात ३२ येतात. त्याच डब्यावर बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' सहा हजारांच्या आसपास छापलेली असते, खरा आकडा तो. ५,००० एमएएचचा फोन म्हणजे १९ वॅट-तास, पण भरताना फोनही थोडी वीज उष्णतेत घालवतो, म्हणून २२-२३ लागतात. हिशेब येतो पॉवर बँकेमागे एक फोन पूर्ण आणि दुसरा जेमतेम ४० टक्के. दोन वर्षं वापरलेल्या पॉवर बँकेत यातून आणखी कमी.

आता ऊन. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलं तापमान ४५ च्या घरात जातं. लिथियम सेल चार्ज करण्याची वरची मर्यादा बहुतेक कंपन्या ४५ अंशच देतात, वापरण्याची ६०. म्हणजे दुपारी दोन वाजता पत्र्याच्या खोलीत पॉवर बँक भरायला लावणं हे मर्यादेच्या बाहेरचं काम. लगेच स्फोट होईल असं नाही, पण सेल लवकर म्हातारा होतो, आतून वायू धरतो आणि फुगतो. उभ्या गाडीच्या बंद काचेत तर साठच्या वर जातं. तेव्हा भरायचं रात्री, फरशीवर, एकावर एक न रचता. गादीवर, लाकडी कपाटात किंवा कापसाच्या गाठीजवळ कधीच नाही. दहा वॅटने रिकामी पॉवर बँक भरायला साडेचार-पाच तास लागतात. हळदीच्या रात्री बाराला माल परत आला आणि सकाळी नऊला लग्न असेल, तर वेळ पुरतो पण काठावर.

फोनलाही हेच लागू आहे. तापलेला फोन स्वतःच चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो. म्हणून उन्हाळ्यात फोनचं बंद दाराचं लॉकर घेऊ नका. दिसायला ते सुरक्षित वाटतं, पण आत दहा फोन गरम होतात आणि एकही भरत नाही. उघडे ट्रे, दोन फोनांत चार बोटं अंतर, जाड कव्हर असेल तर मालकाला विचारून काढून त्याच बिल्ल्याखाली ठेवायचं. टेबल कूलरच्या वाऱ्यात असावं पण तोंडासमोर नको. वाऱ्याबरोबर पाण्याचे तुषार येतात आणि फोन 'पोर्ट ओला आहे' सांगून चार्जिंग बंद करतो. कूलरपासून आठ-दहा फूट, बाजूला.

आग लागलीच तर पहिलं काम मेन बंद. धूर सोडणारी पॉवर बँक किंवा फोन हाताने उचलायचा नाही, लांब चिमट्याने उघड्यावर न्यायचा आणि मेन बंद असल्याची खात्री करून भरपूर पाणी ओतायचं. आत तापत जाणारा सेल थंड करायला पाणीच लागतं. पावडरचा सिलिंडर आजूबाजूच्या कापडाची आग विझवतो, सेलची आतली उष्णता थांबवत नाही. म्हणून टेबलाजवळ दोन्ही हवेत, सिलिंडर आणि बादलीभर पाणी, शिवाय एक बादली वाळूही. आणि टेबल मांडवाच्या पडद्याला चिकटवून लावू नका, मागे दोन हात जागा सोडा.

फुगलेली पॉवर बँक दाबून बसवायची नाही, टोचायची नाही, भंगारवाल्याला द्यायची नाही. अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडेच. पावसाळ्यात चार महिने माल पडून राहणार असेल तर अर्धी भरून ठेवा, तीन महिन्यांनी बघून परत अर्ध्यावर आणा. पूर्ण रिकामी ठेवली तर काही उठतच नाहीत.

पारोळेकर

नाना, दादा, ताई, मनापासून आभार. पॉवर बँकेचा बेत मोडला म्हणायचा. पण अमळनेरची यात्रा, मुक्ताईनगर, सारंगखेडा इथे टेबल लावून माणूस तासभर फोन ठेवून जाईल का? तिथे तर लोक फिरतीवर असतात. आणि २० पॉइंटला केबली कोणत्या किती घ्याव्यात?

सारंगखेडेकर, शहादा

भाऊ, पॉवर बँक मोडीत काढू नका, गिऱ्हाईक बदला. यात्रेकरूला देऊ नका, दुकानदाराला द्या.

वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा, मार्गशीर्ष पौर्णिमेला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार, महाशिवरात्रीच्या सुमारास मुक्ताईनगर, चैत्र पौर्णिमेला धुळ्यात पांझरेकाठी एकवीरा देवी. या सगळ्या ठिकाणी खेळणीवाला, भांडीवाला, गोडशेववाला, पाळणेवाला यांचा अर्धा धंदा आता क्यूआरवर चालतो. गर्दीत टॉवरवर ताण येतो, फोन सिग्नल धरून ठेवायला जास्त जोर लावतो, आणि बॅटरी रोजच्यापेक्षा लवकर उतरते. संध्याकाळी सातला, ऐन गर्दीत, दुकानदाराचा फोन आणि साउंडबॉक्स दोन्ही बंद पडतात. पैसे आले की नाही हेच कळत नाही. पाहुण्याचा फोन बंद पडला तर त्याची करमणूक थांबते, याचा गल्ला थांबतो. हा माणूस दिवसाला ५०-६० रुपये आनंदाने देतो.

तो पळूनही जात नाही. त्याचं दुकान सात-आठ दिवस त्याच जागी असतं. दुकानाचा नंबर, मोबाईल नंबर आणि ओळखपत्राचा फोटो घ्या. डिपॉझिट पूर्ण किमतीचं मागा, बऱ्याच जणांना ते जड जात नाही कारण रोजचा हिशेब रोज होतो. सकाळी भरलेली द्यायची, संध्याकाळी रिकामी घेऊन दुसरी भरलेली द्यायची, रात्री पुन्हा. म्हणजे ३० पॉवर बँकांवर पंधरा दुकानं सांभाळता येतात, त्याहून जास्त घेऊ नका. तुम्ही २० घेतल्या तर दहा दुकानं.

एक खोच आहे जी जागेवरच कळते. साउंडबॉक्स किंवा कानातले बड्स फार थोडा करंट घेतात. बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं की काही जोडलेलंच नाही आणि त्या अर्ध्या मिनिटात आपोआप बंद होतात. दुकानदार म्हणतो, "भो, तुमची बँक खराब आहे." ज्या पॉवर बँकेत कमी करंटची सोय आहे ती घ्या, बऱ्याच कंपन्यांत बटण दोनदा दाबलं की ती चालू होते. घेण्याआधी दुकानातच साउंडबॉक्स लावून दहा मिनिटं बघा. नाहीतर साउंडबॉक्सबरोबर त्याच पॉवर बँकेवर फोनही लावून ठेवायला सांगा, म्हणजे ती जागी राहते.

जागेची परवानगी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा यात्रा समितीकडून, पावती घेऊन. आणि यात्रेपुरतं थांबू नका. कृषी प्रदर्शनं, पुस्तक प्रदर्शनं, महोत्सव, सगळीकडे गाळेवाल्यांची गरज हीच आहे. अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तीन दिवस झालं. असा मोठा कार्यक्रम जवळ येत असेल तर आयोजकांच्या गाळे-वाटप समितीला दोन महिने आधी गाठायचं, म्हणजे गाळ्याच्या भाड्यातच तुमची रक्कम बसवता येते.

वायरमनदादा, धुळे

केबलींचं मी सांगतो. २० पॉइंटला ३० केबली: टाइप-सी २०, आयफोनच्या जुन्या पिनच्या ६, मायक्रो यूएसबी ४. आयफोन १५ पासून पुढे टाइप-सीच आहे, म्हणून जुन्या पिनच्या जास्त साठवू नका. मायक्रो बटणांच्या फोनसाठी आणि जुन्या बड्ससाठी लागतेच, आणि लग्नात म्हाताऱ्या माणसांकडे बटणाचाच फोन असतो.

जुन्या चौकोनी पोर्टमधून टाइप-सीला जाणाऱ्या स्वस्त केबलींत एक फसगत आहे. त्यांच्या टोकात ५६ किलोओहमचा रेझिस्टर असायला हवा. हलक्या मालात १० चा टाकतात. मग फोनला वाटतं समोर ३ अँपिअरचा चार्जर आहे आणि तो तितका खेचायला जातो, समोरचं पोर्ट झेपत नसताना. पोर्ट तापतं, नाहीतर बंद-चालू होत राहतं. दोन्ही टोकं टाइप-सी असलेली केबल आणि टाइप-सी अ‍ॅडॅप्टर घेतला तर ही भानगड राहत नाही. सगळ्या वीस टाइप-सी केबली अशाच घ्या.

काही कंपन्यांचे ६०-८० वॅटचे फोन असतात, ते त्यांच्याच चार्जरवर पळतात. तुमच्या अ‍ॅडॅप्टरवर ते १० ते १८ वॅटनेच भरतील. टेबलावर फलक लावा: "साधारण ४० मिनिटांत ४० टक्के". त्याहून जास्त कबूल करू नका.

केबलीची लांबी ३० सेंमी. लांब केबल टेबलावर गुंता करते आणि फोन ओढून खाली पाडते. अ‍ॅडॅप्टरकडचं टोक झिप-टायने बोर्डाला बांधा. न बांधलेल्या केबली दुसऱ्या लग्नापर्यंत निम्म्या होतात.

कुणी डेटा चोरीचं विचारेल. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढलेल्या जनजागृती पुस्तिकेत 'ज्यूस जॅकिंग' हा प्रकार दिला आहे, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. अ‍ॅडॅप्टर उघडे, दिसतील असे लावा. मागे संगणक किंवा बंद पेटी नाही हे माणसाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. स्क्रीनवर 'फाइल ट्रान्सफर' विचारणा आली तर ती केबल बाजूला काढा.

बिछायतवाले नाना, चाळीसगाव

दोन गोष्टी माझ्याही राहिल्या.

टेबलावर चार थ्री-पिन सॉकेट फोटोग्राफर आणि व्हिडिओवाल्यांसाठी मोकळे ठेवा, पैसे न घेता. त्यांच्या कॅमेऱ्याच्या, ड्रोनच्या बॅटऱ्या दिवसभर भरायच्या असतात आणि ते मांडवात सॉकेट शोधत फिरतात. एक फोटोग्राफर वर्षाला चाळीस लग्नं करत असेल, तर तो चाळीस यजमानांपुढे तुमचं नाव घेणारा माणूस आहे.

आणि यजमानाशी एका पानावर लिहून घ्या, ओळखीतला असला तरी. वेळ कुठून कुठपर्यंत, जादा तासाचे किती, लाईन कोण देणार, तारीख रद्द झाली तर आगाऊ रकमेचं काय, बिल्ला हरवला तर फोन कसा परत द्यायचा. शेवटचा मुद्दा फलकावरही लिहा. कार्यक्रम संपल्यावर उरलेला फोन यजमानाच्या घरच्या माणसाकडे सही घेऊन द्यायचा, आपल्या पिशवीत घरी न्यायचा नाही.

कागदपत्रांत उद्यम नोंदणी करून घ्या, ऑनलाइन आणि मोफत आहे. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. तारखा धरताना २०२६ चं पंचांग बघा: १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यात लग्नं धरत नाहीत. त्यामुळे एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा यांत गर्दी होईल. पुढे चातुर्मासात शाळा-कॉलेज, गणपती, नवरात्र मंडळं यांच्यावर भर द्या.

पारोळेकर

मग असं ठरवतो. एक टेबल २० पॉइंटचं, १९ हजार. यात्रेसाठी कमी करंटची सोय असलेल्या २० पॉवर बँका, २० हजार. त्या भरायला १० वॅटचे वेगळे चार्जर घेण्याऐवजी टेबलाचेच वीस अ‍ॅडॅप्टर रात्री वापरतो. उरलेल्या ११ हजारांतून यात्रेच्या केबली आणि बाकीचे राखून. यात काही चुकतंय का?

बॅटरीताई, भुसावळ

अ‍ॅडॅप्टर दोन्हीकडे वापरणं चालेल, पण यात्रा आणि लग्न एकाच दिवशी घेऊ नका, नाहीतर दोन्ही अडतील. टाइप-सी पोर्टने भरणारी पॉवर बँकच घ्या म्हणजे त्याच केबली लागतील. वीस एकदम लावल्या तर लोड ४०० वॅटच्या आतच आहे, पण चार-चार इंच अंतराने, पंख्याखाली. पहिल्या आठवड्यात प्रत्येकीवर नंबर टाका आणि पूर्ण भरलेली प्रत्येक पॉवर बँक एकाच फोनवर, एकाच टक्क्यापासून लावून तो किती भरतो ते वहीत लिहा. सहा महिन्यांनी तेच परत मोजा. ज्यांचा आकडा चौथाईने घसरला त्या दुकानदारांना देऊ नका, टेबलावर रात्री लाईट गेल्यावर टॉर्च आणि पावती-प्रिंटरसाठी ठेवा.

वायरमनदादा, धुळे

आणि राखून ठेवलेल्या पैशातून आधी मल्टिमीटर घ्या. पहिला कार्यक्रम हळदीचा धरा, लग्नाचा नको. माणसं कमी असतात, रात्र असते, ऊन नसतं. बोर्डाची वायर टेबलाच्या पायाला बांधून मागच्या बाजूने न्या. पुढून नेली तर वाढपी बादल्या घेऊन त्यावरूनच जातात.